तीसपैकी अठ्ठावीस

निपाणी,
रविवार, ता. ९ मार्च १९८६
(वार आणि तारीख कॅलेंडर न बघता लिहिली आहे. आधी शनिवार लिहून खोडलंय ते पेनातनं शाई उतरते का बघण्यासाठी.)

आदरणीय दाजींना त्यांचा उरलेला एकच मेव्हणा सत्याप्पा याचा मनापासून जयभीम. आमच्या आक्कालाही सांगा. इकडं आम्ही खाऊनपिऊन बरे आहोत. तुमचं कसं चाललंय ते कळायला मार्ग नाही, कारण तुम्ही पत्र लिहीत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्यांचे आकडे लिहून बोटं झिजली, असं तुम्ही आक्काला सांगता, हे मला ठाऊक आहे. पण पत्ते पिसताना ती बोटं कशी चालतात हेही मी बघितलेलं आहे. असो. आक्काचे गुडघे कसे आहेत? एरंडेल चोळते का, की नुसतं कपाटात ठेवून वास घेते? आणि तुमची ती हलणारी दाढ पडली का? गेल्या खेपेला तुम्ही दोघं, म्हणजे तुम्ही आणि दाढ, एकमेकांना धरून होता.

आता मुद्द्याचं. माझ्या स्मरणशक्तीबद्दल तुमच्या संकेश्वरपर्यंत काही बातमी पोचली असेल तर तीवर विश्वास ठेवू नका. झालं ते एवढंच. एकतीस वर्षं मी निपाणीला पाणी सोडलं. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह रस्त्याच्या पोटात कुठं पुरलाय, तो किती आटे फिरवायचा आणि फिरवताना कुठली बाई दारात येऊन शिव्या देणार, हे सगळं माझ्या डोक्यात. नकाशा मी कधी बघितला नाही (साहेब बघायचे, म्हणून त्यांना सापडायचं नाही). निवृत्त झालो तरी पाणीखात्याची माणसं अजून अडलं की माझ्याकडंच येतात. जानेवारीत आली. मी काठीनं जागा दाखवली, त्यांनी खणलं, व्हॉल्व्ह निघाला नाही. दुसरी जागा दाखवली. तिसरी दाखवली. चौथ्यांदा त्यांनी मला न विचारता खणलं आणि तो निघाला, यावरून लोक बोलायला लागले. माझं म्हणणं सरळ आहे. मधे रस्ता रुंद केला, तेव्हा ठेकेदारानं अख्खा रस्ताच इकडचा तिकडं सरकवला असणार. पण सुतावरून स्वर्ग गाठणारी जीभ कोण धरणार?

हे सगळं सांगायचं कारण आमची यशू. माझ्या दिवंगत भावाची, कल्लाप्पाची धाकटी, यशोधरा. तुम्ही तिला ओळखताच, ती डॉक्टर झाली तेव्हा मी वाटलेल्या पेढ्यांतले सात तुम्ही खाल्लेत (हे माझ्या लक्षात आहे, बघा). जिची आजी वखारीत तंबाखू चाळून चाळून खोकत गेली, जिला मी खांद्यावरून शाळेत पोचवलं, ती पोर आज बेळगावला मोठ्या परीक्षेचा अभ्यास करते आणि तिच्या गळ्यात ती नळी असते. मी एकदा ती नळी माझ्या कानाला लावून माझंच काळीज ऐकलं. चांगलं चाललंय. तर तिनं आता संशोधन धरलंय. म्हातारी माणसं विसरतात ती नुसती वयानं, की मेंदूच्या आजारानं, याचं. आपण म्हणतो साठी बुद्धी नाठी. यशू म्हणते, ही म्हणच मुळात खोटी. वयानं माणूस सावकाश होतो, पण घरच्यांची नावं, घरची वाट, हातातलं काम हरवायला लागलं तर तो आजार समजायचा, आणि तो वेळेवर हुडकायचा. त्यासाठी तिनं कुठलं गाव निवडलं असेल? निपाणी. आणि निपाणीत कुठली वस्ती? आपली. बेळगावात म्हाताऱ्यांना काय तोटा आहे? पण नाही, तिला आपलेच हवे होते.

जानेवारीत ती एका रविवारी आली आणि शेजारच्या शेवंताबाईवर तिनं प्रश्नपत्रिका नमुन्यादाखल चालवून बघितली. तीस मार्कांची. साल कोणतं, महिना, वार, तारीख. आपण कुठल्या राज्यात, जिल्ह्यात, गावात आहोत. तीन शब्द सांगायचे, लिंबू, कुलूप, कंदील, आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. शंभरातून सात वजा करत खाली उतरायचं. कागदाची घडी घालून जमिनीवर ठेवायची. एक वाक्य लिहायचं. एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांचं चित्र काढायचं. शेवंताबाईचं वय ऐंशी, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. यशूनं मनगट पुढं करून "हे काय?" असं विचारलं तर म्हातारी म्हणाली, "तुझं घड्याळ. पोरी, माझी चेष्टा करतीस व्हय?" तिला मार्क पडले अकरा. यशूनं ते शांतपणे लिहून घेतले, प्रश्नपत्रिकेची एक प्रत माझ्याकडं ठेवली, साठीच्या पुढची तीस माणसं गोळा करून ठेवायला सांगितलं, ९ फेब्रुवारीला कॉलेजच्या सरांना घेऊन येते म्हणाली आणि एस.टी.त बसली.

आणि वस्तीत हाहाकार उडाला. तीसपैकी अकरा म्हणजे नापास! तुम्ही हसाल, पण आपल्या लोकांना परीक्षा म्हणजे काय ते तुम्ही जाणता. आपल्याला शेतं नव्हती, दुकानं नव्हती. आपण जे काही वर आलो ते मार्कांच्या शिडीवरनं आलो. कुणाच्या पोराला किती टक्के पडले ते आपल्या वस्तीत जन्मतारखेपेक्षा पक्कं पाठ असतं. आणि शाळेतला नियम सगळ्यांना माहीत, वर्गाचा निकाल चांगला तर मास्तर चांगला, वर्ग नापास झाला तर मास्तरची बदली. सगळ्यांनी धरून चाललं की म्हाताऱ्यांना कमी मार्क पडले तर यशू नापास होणार. शेवंताबाई दोन दिवस जेवली नाही. "माझ्यापायी पोरीचं साल जाईल," म्हणून रडत बसली. अशा वेळी ज्याच्याकडं प्रश्नपत्रिका आहे, ज्याची स्मरणशक्ती गावात नावाजलेली आहे (खड्डे सोडून), त्यानं काय करायचं? मी शिकवणी काढली.

विहारात रोज दुपारी तीन ते पाच. बालवाडीचा फळा आणला. एकोणतीस विद्यार्थी, सगळ्यांत लहान एकसष्ट वर्षांचा. मी हातात छडी घेतली, पण मारली नाही, एकदा भरमूआप्पाच्या पायाशी आपटली एवढंच. तो त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशीपर्यंत नीट यायचा आणि तिथं अडायचा. शेवटी बायकांनी त्या आकड्यांना पाळण्याची चाल लावली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, जो बाळा जो. मग भरमूआप्पासुद्धा डोलत डोलत पासष्टपर्यंत उतरायला लागला. पंचकोन रांगोळीनं गिरवून घेतले. शेवंताबाईनं त्यात कडेनं वेल काढला, तो मी पुसायला लावला. राज्य कोणतं यावर मात्र तीन दिवस वर्ग बंद पडला. ज्यांनी सीमेसाठी लाठ्या खाल्ल्या ती माणसं मरेपर्यंत कर्नाटक म्हणणार नाहीत. शेवंताबाई म्हणाली, "कागदावर कर्नाटक, काळजात महाराष्ट्र. पोरीला कंचं लागतंय ते घेऊ दे." अखेर असं ठरलं की परीक्षेत पोरीसाठी एकदा कर्नाटक म्हणायचं आणि बाहेर आल्यावर दारातच दोनदा महाराष्ट्र म्हणून तोंड धुवून टाकायचं. उरलं लिहायचं वाक्य. पंधरा जणांना अक्षर येत नव्हतं. मी सगळ्यांना एकच वाक्य दिलं, मला सगळ्यांत जवळचं वाटणारं. "पाणी आलं." तीन आठवड्यांत शेवंताबाई ते लिहायला शिकली. ऐंशी वर्षांच्या बाईनं पाटीवर स्वतःच्या हातानं पाणी आणलं, दाजी. मी तेव्हा विहाराच्या मागं जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

तुम्ही विचाराल, वर्गात एकोणतीस, मग तिसावा कोण? तिसावा मी. पण मी व्यवस्थापक. व्यवस्थापकाला परीक्षा नसते.

९ तारखेला सगळे आंघोळ्या करून, इस्त्रीचं घालून बसले आणि यशू आलीच नाही. कॉलेजची जीप तवंदीच्या घाटात बंद पडली. ती आणि तिचे सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सर कानडी, गोरेपान, बोलायला मऊ. एका खोलीत ते दोघं, बाहेर रांग. पहिली शेवंताबाई. ती आत गेली आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच लिंबू कुलूप कंदील म्हणून मोकळी झाली. पुढं भरमूआप्पा. त्यानं घरनंच कागद नेला होता. सरांनी तोंड उघडायच्या आत घडी घालून जमिनीवर ठेवला आणि नमस्कार केला. बाहेर आम्हाला पाळण्याची चाल ऐकू यायची आणि मी ताल धरायचो. एक एक जण छाती काढून बाहेर येत होता, उंबऱ्यात दोनदा महाराष्ट्र म्हणत होता. मला वाटलं, आता बेळगाव काय, दिल्लीपर्यंत नाव जाणार.

घात केला जीपनं. पाठांतर ९ तारखेचं होतं. आज वार कोणता? रविवार. तारीख? नऊ फेब्रुवारी. होता सोमवार, दहा. पहिल्या तिघांचं सरांनी मनावर घेतलं नाही. सातव्यानं रविवार म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. बाराव्यानंतर म्हणे त्यांनी खिशातली डायरी काढून स्वतःचीच खात्री करून घेतली. एकोणतीसच्या एकोणतीस जणांना तीसपैकी अठ्ठावीस. एकोणतीस कागदांवर एकच वाक्य. शेवटचा कागद खाली ठेवून सर यशूला म्हणाले की एवढी तल्लख म्हातारी माणसं मी जन्मात बघितली नाहीत, फक्त ती सगळी कालच्या दिवसात राहतात.

यशू बाहेर आली आणि विहाराच्या पायरीवर माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, दोन मार्क जीपमुळं गेले, नाहीतर पैकीच्या पैकी होते. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, मी हुशार माणसं मोजायला आले न्हाई. ज्यांचं हरवाय लागलंय त्यास्नी हुडकायला आलीया. तुम्ही नेमकं त्यांनाच झाकून ठेवलासा." मग ती म्हणाली की चूक तिचीही आहे. शाळेत न गेलेल्या माणसाला शाळेचे प्रश्न विचारले तर अकराच मार्क पडणार, त्यात आजार कुठला आणि शाळा न मिळणं कुठलं हे कसं कळायचं? म्हणाली, पेपरच बदलायला हवा. आणि ती उठून तशीच सरांकडं गेली.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. सरांच्या समोर उभी राहून आमची पोर अर्धा तास बोलत होती, कानडीत, मधे इंग्रजीत, एकदा रागाच्या भरात मराठीत. सर आधी नाही नाही म्हणत होते, मग मान हलवायला लागले, मग लिहून घ्यायला लागले. शेवटी आमच्याकडं वळून म्हणाले, "ई हुडुगी भाळ शाण्या अदाळ." ही मुलगी फार शहाणी आहे. कानडी मला येतं, तरी मी त्यांना ते परत म्हणायला लावलं, ऐकू आलं नाही म्हणून. दुसऱ्यांदा सगळ्या वस्तीनं ऐकलं.

पुढचे दोन रविवार तिनं नवा पेपर चालवला. या आठवड्यात पाणी कुठल्या दिवशी आलं? तंबाखूचा शेंडा कधी खुडायचा? तुमच्या सुनांची माहेरं सांगा, लग्नाच्या क्रमानं. प्रश्न आदल्या दिवशी कुणालाच कळू दिले नाहीत, मला तर मुळीच नाही. शेवंताबाईनं वखारीत तिच्या ओळीत बसणाऱ्या चौतीस बायकांची नावं, बसायच्या क्रमानं, कोण कुठल्या साली गेली त्यासकट सांगितली. पहिल्या पेपरात अकरा मार्कांची ती बाई! भरमूआप्पाला आजार नाही, नुसतं ऐकू येत नव्हतं. कान साफ केल्यावर तो सगळ्यांना ओरडू नका म्हणून ओरडतोय. दोघंजण मात्र खरंच सापडले. त्यांच्या घरी यशू स्वतः जाऊन बसली, सुनांना समजावलं की म्हातारा मुद्दाम करत नाही, त्याच्यावर खेकसू नका. या सगळ्यावरचा निबंध ती पुढच्या वर्षी बंगळुरूला मोठ्या डॉक्टरांच्या सभेत वाचणार आहे. इंग्रजीत. त्यात निपाणीचं नाव आहे. शेवंताबाईचं "पाणी आलं" तिनं सरांना दिलं नाही, स्वतःच्या पाकिटात ठेवलंय.

तर अशी आमची पोर. हे सगळं तुम्हाला आणि आक्काला कळावं एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, दुसरं काही काम नव्हतं. आक्काला जपा, दाढ काढून टाका, आणि वेळ मिळाला तर चार ओळी लिहा.

तुमचा,
सत्याप्पा

ता. क. वरती तिसावा मी असं लिहिलंय. गेल्या रविवारी यशूनं मला गाठलं. मी दात दुखतो म्हटलं, ती म्हणाली दातानं उत्तरं द्यायची नाहीत. तीन नवे शब्द दिले. आरसा, मीठ, नांगर. (हे आता तिच्या कागदावरनं उतरवून घेतलेत.) थोड्या वेळानं विचारलं तेव्हा आरसा आठवला. पुढं मी लिंबू, कुलूप, कंदील म्हणालो. यशूनं पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझा हात धरून बसली. पाणी कुठल्या दिवशी आलं, हेही मला सांगता आलं नाही. मला!

ता. क. दुसरा. सोबत एक फॉर्म आहे. तिच्या संशोधनात, ज्याला तपासायचं त्याला पुष्कळ वर्षं ओळखणाऱ्या माणसानं तो भरायचा असतो. गेल्या दोन वर्षांत याच्यात काय फरक पडला, काय काय विसरतो. आमच्या रुक्माला विचारलं तर ती पदर खोचून म्हणाली, "माझ्या मालकास्नी काय बी झालेलं न्हाय. तसंच लिही." अडतीस वर्षं माझ्याशी भांडलेली बाई, नेमकी आताच माझी बाजू घ्यायला उठली. यशूला स्वतः भरता येत नाही, तपासणारी तीच. म्हणून तुम्ही. वजनकाट्यावर तीस वर्षांत तुम्ही कुणाच्या गाडीचं माप चुकीचं लिहिलं नाही. पाकिटावर तिकीट लावलंय.

ता. क. तिसरा, हा आक्काला वाचून दाखवू नका. गेल्या नोव्हेंबरात मी तुमच्याकडं आलो होतो. कोपऱ्यावरनं विड्या आणतो म्हणून बाहेर पडलो आणि मला तुमचं घर सापडेना. चाळीस वर्षं येतोय त्या घरी. दोन तास मी फिरलो, विचारायची लाज वाटली, शेवटी जनावरांच्या बाजाराजवळ एका दगडावर बसलो. तुम्ही हुडकत आलात. काही विचारलं नाहीत. शेजारी बसलात, माझ्या विडीतली अर्धी ओढलीत आणि म्हणालात, "चला, तुमची आक्का च्या करून बसलीया." घरी गेल्यावर सांगितलंत की आम्ही दोघं बैलं बघत बसलो होतो. त्यानंतर आजपर्यंत तुम्ही कुणाला, मलासुद्धा, एका शब्दानं काही म्हणाला नाहीत. ते मी विसरलेलो नाही, आणि विसरायच्या आधी लिहून ठेवतोय. दाजी, मला भीती वाटते. पण या आजाराचं जे काही व्हायचं ते आमच्या पोरीच्या नजरेसमोर होऊ दे, तिच्या कागदावर खरं खरं होऊ दे. तिच्या कामात खोटा कागद माझ्या नावाचा असता कामा नये. फॉर्मवर पाचव्या प्रश्नाखाली मोकळी जागा आहे. तिथं लिहा, त्या दिवशी आम्ही बैलं बघायला गेलो नव्हतो.